ताप न येणारी माणसे

शमित मंडळाचा वार्षिक कृतज्ञता सोहळा ज्या वडांखाली भरत असे, त्यांचा वास ती झाडे दिसण्याच्या बराच आधी येई. कुजलेली वडाची फळे, मूत आणि ओले कातडे यांचा मिळून झालेला तो वास नरहर तांबटांच्या घशात दरवर्षी नव्याने अडके. नदीकाठच्या त्या मळ्यात भर दुपारीही अंधारल्यासारखे असे आणि फांदीफांदीला वटवाघळे लटकलेली असत. ओतशाळेतले कामगार आपले जळके हातमोजे खिळ्यांवर अडकवून ठेवतात, तशी. तांबटांचे सारे उमेदीचे आयुष्य कोल्हापूरच्या ओतशाळांत गेले होते. ओतून थंड झालेल्या बिडाच्या भागावर हातोडी ठोकायची, नाद ऐकायचा आणि नाद बद्द आला तर तो भाग बाजूला काढायचा, हे त्यांचे काम होते. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली तरी समोर येईल ती गोष्ट आधी मनातल्या मनात ठोकून पाहण्याची सवय गेली नव्हती.

झाडाखाली सतरंजी अंथरली होती. 'दीर्घायुष्यदात्या वटवाघळांस कृतज्ञ वंदन' असा फलक दोन बांबूंना बांधला होता. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब इंगवले जरीचा फेटा बांधून नारळ फोडायला उभे राहिले, आणि नेमकी त्याच वेळी वरून एक पिवळट धार त्यांच्या फेट्यावर उतरली.

"प्रसाद हो, प्रसाद!" बापूसाहेब गरजले. फेट्यावर बोट फिरवून त्यांनी ते कपाळाला लावले. मंडळी पोट धरून हसली. मग त्याच हाताने त्यांनी पेढे वाटायला सुरुवात केली.

तांबटांनी पेढा मुठीत मिटला आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून झाडाच्या बुंध्यामागे टाकला.

"बापूसाहेब," ते हळूच म्हणाले, "आपल्या अंगातलं जनुक या वाघळांचं नाही. गुहेत राहणारी, किडे खाणारी लहान वटवाघळं असतात, त्यांचं आहे. ही फळं खाणारी. जातच वेगळी."

"असू दे की तांबटसाहेब! चुलतभाऊ तर लागत असतील? पुढच्या वर्षी गुहेत जाऊ. तिथं म्हणे गुडघाभर लेंडी असती." बापूसाहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी धोतर वर सरकवले. "हे बघा. गोठ्याच्या पत्र्यानं कापलं, महिना होऊन गेला. सूज नाही, ठणका नाही. पूर्वी असतं तर डॉक्टरनं पाय कापायला काढला असता."

नडगीवर चांगली वीतभर चीर होती. तिच्या कडा पांढुरक्या होत्या, कापून ठेवलेल्या बटाट्यासारख्या. लालसरपणा कुठेच नव्हता. आत काहीतरी करडे, ओलसर दिसत होते आणि त्यावर एक माशी निवांत बसली होती. बापूसाहेब तिला हाकलत नव्हते, कारण ती बसल्याचे त्यांना कळतच नव्हते.  नाद बद्द आलेला भाग त्यांच्यासमोर खुर्चीत बसून पेढे वाटत होता.

वटवाघळांची गोष्ट तशी साधी आहे, पण ती उलगडायला शास्त्रज्ञांना फार काळ लागला. मोठे प्राणी पुष्कळ जगतात आणि लहान प्राणी लवकर मरतात, असा निसर्गाचा सर्वसाधारण हिशेब. उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो. पण वजनाने उंदराहून हलके असे एखादे वटवाघूळ तीस-चाळीस वर्षे जगते, आणि म्हातारपणीही त्याचे स्नायू, डोळे, कान शाबूत असतात. याचे कारण उड्डाणात सापडले. उडताना त्याचे शरीर इतके तापते की पेशींमधल्या जनुकद्रव्याचे तुकडे सुटे होऊन इतस्ततः पडतात. आपल्या शरीरात असे तुकडे दिसले की धोक्याची घंटा वाजते, संरक्षक पेशी धावून येतात आणि तिथे दाह सुरू होतो. वटवाघळात ही घंटा रोज वाजू लागली तर ते पहिल्याच आठवड्यात जळून मरेल. म्हणून निसर्गाने त्याच्या घंटेचा लोलक कापडात गुंडाळून ठेवला. माणसाचे वार्धक्य हे पुष्कळ अंशी त्या घंटेचेच काम आहे. सांधे, रक्तवाहिन्या, मेंदू यांत वर्षानुवर्षे धुमसणारा बारीक दाह माणसाला आतून झिजवतो. आग लागल्याची नुसती शंका आली तरी बंबवाले येऊन घरभर पाणी मारतात, आणि शेवटी भिंती खचतात त्या पाण्याने.

हा लोलक माणसातही गुंडाळता येतो हे सिद्ध झाल्यावर 'शमन' उपचार निघाला. वटवाघळाचे जनुक घालून अस्थिमज्जेतल्या पेशींमध्ये एक लहानसा फेरबदल आणि मग वर्षाला एक सुई. तो घेतलेले ते 'शमित'. तांबटांनी तो एकाहत्तराव्या वर्षी घेतला. सात वर्षांत त्यांचे गुडघे मोकळे झाले, बोटांच्या गाठी विरल्या आणि एकदाही ताप आला नाही. पत्नी सगुणाबाईंनी मात्र साफ नकार दिला होता. "माझी दुखणी माझ्या ओळखीची आहेत," त्या म्हणाल्या होत्या. "वाघळाची कशाला अंगावर घेऊ?"

सोहळ्याहून तांबट घरी आले तेव्हा सगुणाबाई पलंगावर बसून खोकत होत्या. हा खोकला उन्हाळ्यापासूनचा. मध्ये दोनदा त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले होते.

"आधी अंघोळ करा," त्या म्हणाल्या. "दारातनंच वास येतोय. आणि तृप्तीचा फोन होता. रविवारी उष्टावण नक्की केलंय. मामाच्या जागी तुम्हीच."

तृप्ती त्यांची एकुलती एक मुलगी. तिला भाऊ नाही, म्हणजे तिच्या मुलीला मामा नाही. मामाने बाळाला मांडीवर घ्यायचे आणि सोन्याच्या अंगठीने खिरीचा पहिला घास चाटवायचा, ही रीत. पण घरोघरी एकेकच मूल झाल्यापासून ती जागा आजोबांकडे आली होती. नातीचे नाव रखमा. तृप्तीने ते पणजीच्या नावावरून हट्टाने ठेवले होते. सहा महिन्यांची रखमा तांबटांना पाहिले की दोन्ही पाय एकदम झाडत असे. तांबटांनी चांदीची वाटी आधीच चिंचेने घासून ठेवली होती.

गुरुवारी त्यांना संशोधन केंद्रातून बोलावणे आले. शमन घेतलेल्यांची दरवर्षी तपासणी होत असे. या वेळी डॉ. नसीम मुजावर यांनी प्रत्येकाच्या घशातले नमुनेही घेतले होते. विषाणूंचा अभ्यास करणारी ही पन्नाशीची बाई एरवी थट्टामस्करी करत असे. त्या दिवशी तिने तांबटांना काचेपलीकडे बसवले आणि ध्वनिवर्धकातून बोलली.

"काका, तुमची तब्येत उत्तम आहे. अडचण तीच आहे."

"म्हणजे?"

"वटवाघळाला विषाणू होत नाहीत असं नाही. ते त्याच्या अंगात सुखाने राहतात. घंटा वाजत नाही, त्यामुळे त्यांना कोणी हुसकावत नाही. पण दारावर पहारा मात्र कायमचा असतो. त्या पहाऱ्यातून निसटायचं म्हणून ते विषाणू पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक चपळ होत जातात. एका पेशीतून दुसरीत झटकन उडी मारतात. वटवाघळाला त्याचं काही नसतं. तेच विषाणू पहारा नसलेल्या दुसऱ्या प्राण्यात गेले, की होत्याचं नव्हतं होतं."

तांबटांनी मान हलवली. पुढचे त्यांना दिसू लागले होते, तरी त्यांनी विचारले, "आणि आमच्या अंगात?"

"पडशाचे साधे विषाणू. सगळ्यांना होतात ते. पण तुमच्यात ते सात वर्षं तालीम करून बसलेत, काका. तुमच्या घशात सापडला तो साध्या पडशाचा राहिलेलाच नाही. शमन घेतलेल्यांच्या घरात आजारी पडणाऱ्या माणसांची माहिती आम्ही गोळा केली. इंगवल्यांचा स्वयंपाकी पावसाळ्यात गेला. त्याच्या फुप्फुसात जो विषाणू होता, तोच इंगवल्यांच्या घशात आहे. हे मी त्यांना मागच्या महिन्यातच समोर बसवून सांगितलंय."

 तांबटांना आठवले, बापूसाहेबांनी त्यानंतर नवी स्वयंपाकीण ठेवली होती, ती टिकली नाही, आणि आता तिसरी होती. सोहळ्याला तिनेच सगळ्यांना मसालेभात वाढला होता.

"माझ्या बायकोचा खोकला?" त्यांनी विचारले.

"त्यांचा नमुना आणून द्या. पण मला काय वाटतं ते तुम्हाला कळलंय." ती काचेजवळ आली. "लहान मुलांपासून लांब राहायचं. अगदी लांब. उतारा आहे, दोन सुया, लोलकावरचं कापड निघतं. फक्त घंटा एकदम वाजेल आणि आत दडलेले सगळे पाहुणे एकाच वेळी सापडतील. या वयात तो भडका पाचांतल्या दोघांना सोसणार नाही, असा माझा अंदाज आहे. म्हणून मी आग्रह करू शकत नाही."

घरी जाताना तांबट बसमध्ये चढले आणि पुढच्याच थांब्यावर उतरले. समोरच्या बाकावरच्या बाईने मांडीवरचे मूल त्यांच्याकडे तोंड करून बसवले होते.

शुक्रवारी बापूसाहेबांच्या बंगल्यात मंडळाची तातडीची बैठक झाली. सगळ्यांना निकाल कळले होते. टेबलावर भजी होती आणि मंडळी ती एकाच ताटातून खात होती. आपसांत त्यांना कशाचीच भीती नव्हती.

"अहवाल सरकारकडं जाईल, समिती बसेल, वर्ष जाईल," बापूसाहेब म्हणाले. "तोवर कुणी कुठं अवाक्षर काढायचं नाही. दूध संघाची निवडणूक तोंडावर आलीया. आपल्यातले सहाजण उभे आहेत."

"निदान मुखपट्टी तरी वापरू," मागून कोणीतरी सुचवले.

"मुखपट्टी बांधून प्रचाराला जाऊ? लोक विचारतील, काय रोग झालाय. आणि झालाय का? कुणाला? आपण तर ठणठणीत! लोकांची प्रकृती नाजूक, त्याला आपण काय करायचं? उद्या म्हणतील, गावाबाहेर राहा."

निवृत्त मुख्याध्यापक कांबळे सर भज्याला हात न लावता बसले होते. "गावाबाहेर राहायचं कसं, ते आमच्या आजोबांना विचारून घ्यायला हवं होतं तुम्ही," ते म्हणाले. "त्यांना चहा मिळायचा तो कट्ट्यावर पालथ्या घातलेल्या निराळ्या कपात. तुमच्याच वाडवडिलांच्या दारात, बापूसाहेब. त्यांच्या अंगावर कसला रोग नव्हता. तुमच्या आहे, माझ्याही आहे. मी सोमवारी उतारा घेतोय."

"घ्या की. तुम्हाला कोण अडवतंय? फक्त बाहेर बोलायचं तेवढं टाळा."

"ते मी ठरवीन," असे म्हणून सर उठून गेले.

मग बापूसाहेबांनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले. तेलकट बोटांचे, सुरकुत्या विरलेले, गुळगुळीत हात. तांबटांनी आपला हात मांडीवरच ठेवला. विरोधात कोण, असे विचारले तेव्हाही तो तिथेच राहिला. दाराबाहेर आल्यावर त्यांना त्या हाताची जी किळस आली, ती बापूसाहेबांच्या नडगीची आली होती त्यापेक्षा अधिक होती.

सगुणाबाईंना सांगायला त्यांना शनिवारची दुपार उजाडली. त्यांनी सारे क्रमाने सांगितले: आधी वटवाघूळ, मग पहारा, मग विषाणू.  ऐकून झाल्यावर सगुणाबाईंनी आपली उशी उचलली, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, जरा विचार केला आणि तिथूनही उचलून पलीकडच्या खोलीत नेऊन टाकली.

"गुरुवारी कळलं," त्या दारातून म्हणाल्या. "दोन रात्री माझ्या उशाला श्वास सोडत झोपलात."

"तोंड भिंतीकडं करून झोपलो होतो."

"भिंतीचे उपकार झाले!" त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत तांबट मधल्या दारापाशी ताटकळले. जवळ जावे तर तेही चूक. "तृप्तीला कधी सांगणार?"

"उद्या सकाळी. पण मी म्हणत होतो," तांबटांनी घसा खाकरला आणि लगेच तोंडावर हात धरला, "दोन मुखपट्ट्या लावल्या, हातमोजे घातले, रखमाला मांडीवर न घेता पाटावर बसवलं आणि अंगठी लांब चिमट्यात धरली तर? हातभर अंतर राहतं. खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवा—"

"नातीला खीर भरवायची आहे की साच्यात बीड ओतायचं आहे?"

ते ओशाळले. चिमटा त्यांनी सकाळीच शोधून, उकळून, पंच्यात गुंडाळून ठेवला होता.

"एकदाच होतं ते, सगुणा. पुन्हा होत नाही."

"रखमासुद्धा एकदाच झालीय," त्या म्हणाल्या. "फोन लावून देऊ?"

"नको. तोंडानं सांगतो. दारात उभा राहून सांगतो."

"मी येत नाही. माझ्या छातीत काय आहे कुणाला ठाऊक. तुम्ही जाताय ते सांगायला, एवढं ध्यानात ठेवा."

रविवारी ते मुखपट्टी बांधून तृप्तीच्या घरी लवकरच पोहोचले. पण तृप्तीच्या सासरची मंडळी त्यांच्याही आधी आली होती. दारात रांगोळी, आत वेलदोड्याचा आणि आटलेल्या दुधाचा वास. तृप्ती पैठणीत घामाघूम होऊन धावत होती.

"अण्णा! आई का नाही आली? आणि हे काय तोंडाला?"

"जरा पडसं आहे. तिलाही बरं नाही. तृप्ती, एक मिनिट बाहेर येतेस?"

"आता? अहो, गुरुजी खोळंबलेत, औक्षणाचं ताट कुठं गेलंय कळत नाही. नंतर बोलू ना!"

सांगायचे ते वाक्य त्यांनी बसथांब्यावर चारदा घोकले होते. त्यातला पहिला शब्दही बाहेर पडला नाही. "माझी कंबर धरलीय," ते म्हणाले. "मांडी घालता येणार नाही. मी इथं दारातच बसतो. तूच भरव तिला."

तृप्तीचा चेहरा पडला. पण तिच्या मागे लग्नघरासारखा गलका होता, आणि कोणीतरी तिला हाक मारली. सोहळा पार पडू दे, मग सांगू, अशी स्वतःची समजूत घालून तांबट उंबऱ्याजवळच्या खुर्चीत बसले. रखमाने त्यांना लांबून ओळखले आणि पाय झाडले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात फाटकाशी विनाचालक गाडी थांबली आणि तिच्यातून बापूसाहेब इंगवले उतरले. जावई इंद्रजित दूध संघात अधिकारी होता; त्याने संघाचेही अध्यक्ष असलेल्या बापूसाहेबांना आग्रहाने बोलावले होते. तांबटांच्या तोंडावरची पट्टी पाहून बापूसाहेबांनी एक भुवई उंचावली, त्यांच्या खांद्यावर थोपटले आणि सरळ आत गेले. आजोबा मांडीवर का घेत नाहीत, हे त्यांना आत गेल्यागेल्या कळले.

"काय इंद्रजित, आजोबांची कंबर धरली म्हणे? मग मी कशाला आहे? मीही आजोबाच की! नातवंडं परदेशात आहेत माझी, भरवायचं राहूनच गेलंय."

सासरची मंडळी आनंदली. अध्यक्ष स्वतः पाटावर बसले. नडगीवरची चीर धोतराच्या निऱ्यांखाली झाकलेली होती. रखमाला त्यांच्या मांडीवर दिले, चांदीची वाटी समोर आली, तृप्तीने अंगठी पुढे केली. हे सगळे इतक्या सहजपणे झाले, की उंबऱ्यापाशी बसलेल्या तांबटांना ते दुसऱ्या कोणाच्या घरात चालले आहे असे वाटत राहिले. हा माणूस आता थांबेल, अशी त्यांची समजूत होती. याला सगळे माहीत आहे. स्वयंपाकी कशाने गेला हे याला समोर बसवून सांगितले आहे. हसून, फोटोपुरते बसून, शेवटच्या क्षणी काहीतरी सबब काढून तो अंगठी तृप्तीच्या हाती देईल.

बापूसाहेबांनी अंगठी खिरीत बुडवली. खीर वाफाळत होती. त्यांनी तोंडाजवळ नेऊन तिच्यावर फुंकर घातली, एक, दोन, तीन, मायेने, गाल फुगवून. मग पोळत तर नाही ना, हे पाहण्यासाठी अंगठी स्वतःच्या खालच्या ओठाला लावली. ओठ आणि अंगठी यांच्यामध्ये एक चिकट तार ताणली गेली आणि तुटली. रखमाने आ वासला.

तांबट खोली ओलांडून कसे गेले हे त्यांना नंतरही सांगता आले नसते. त्यांनी बापूसाहेबांचे मनगट धरले. ते कोवळे आणि गार होते.

"सोडा ती अंगठी."

"अहो तांबटसाहेब! लहान मूल आहे मांडीवर."

"म्हणूनच म्हणतोय. तुमचा स्वयंपाकी कशानं गेला ते सांगा यांना. नाहीतर मी सांगतो."

"घरातल्या घरात बोलू आपण," बापूसाहेब अजून हसत होते, पण आवाज खाली आला होता. "शुक्रवारी ठरलंय आपलं. तुम्हीही होतात तिथं."

"होतो," तांबट म्हणाले, आणि मग त्यांनी सांगितले. या वेळी क्रम लावला नाही. आमच्या घशात जे आहे त्याने आम्हाला काही होत नाही आणि तुम्ही मरता. एक माणूस मेला आहे. हे यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि आम्ही गप्प बसायचे ठरवले आहे. एवढेच.

तृप्तीने झडप घालून रखमाला उचलले. घास तोंडाला लागला नव्हता. तरीही तिने पैठणीच्या पदराने मुलीचे ओठ, गाल, कान खसाखसा पुसले. रखमा किंचाळून रडू लागली. पाहुण्यांतल्या कोणी रुमाल काढला, कोणी खुर्ची मागे सरकवली. इंद्रजित अध्यक्षांकडे पाहत होता.

"अण्णा, तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आणि आईला?"

"काल सांगितलं."

"मला आज," तृप्ती म्हणाली. "तेही हे पाटावर बसल्यावर."

ती भिंतीला पाठ लावून उभी होती. चपलेला चिकटलेल्या घाणीकडे पाहावे तशी ती दोघांकडे पाहत होती. आधी बापूसाहेबांकडे, मग वडिलांकडे, आणि त्या दोन नजरांत काडीचाही फरक नव्हता. तांबटांनी तो शोधला. मग त्यांना वाटले, फरक असायचे कारणच काय?

"जातो मी," ते म्हणाले. "पाट, वाटी, सगळं उकळून घ्या. खिडक्या उघडा. हिला जरा जरी कणकण वाटली तरी डॉक्टर मुजावरांकडे न्या, केंद्रात. दुसरीकडं नको."

 मुलीला घेऊन तृप्ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावल्याचा आवाज आला.

फाटकाबाहेर बापूसाहेब गाडीचे दार उघडून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर संताप नव्हता. जेवणाचा बेत फिसकटल्यावर माणूस दिसतो, तसे ते दिसत होते.

"बसा. घरी सोडतो."

"अंगठीवर फुंकर घातलीत तुम्ही."

"पोळली असती की पोरगी! अहो, सवय असती माणसाला. एवढ्यानं काय होतंय?" त्यांनी फेटा काढून सीटवर टाकला. "निवडणूक गेली, ते जाऊ दे. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. आता आपल्याला दारात कोण उभं करणार? आपण एवढेजणच एकमेकांना. अजून तीस-चाळीस वर्षं काढायची आहेत तांबटसाहेब, रागराग किती दिवस करणार? चला, बंगल्यावर जाऊ. बाईनं मटण केलंय."

तीस-चाळीस वर्षे. तांबटांना एक लांबलचक टेबल दिसले, त्यावर भज्यांचे ताट, भोवती कधीही न खोकणारी, कधीही न तापणारी, गुळगुळीत हातांची माणसे. आणि मागच्या दारातून आत येणारी एकामागून एक नवी स्वयंपाकीण.

"तिला आजच्या आज सुट्टी द्या," ते म्हणाले.

"कुणाला?"

"बाईला. आणि तिला कारण सांगा. तुम्ही सांगणार नाही, म्हणून मीच बंगल्यावर तिला फोन करतोय."

त्यांनी गाडीचे दार बाहेरून लोटून लावले. ते स्वयंपाकिणीशी बोलत असताना गाडी थोडा वेळ तिथेच थांबली, मग निघून गेली. त्यानंतर त्यांनी सगुणाबाईंना फोन लावला.

"सांगितलंत?"

"सांगितलं. उशिरा सांगितलं." ते थांबले. "रखमाला काही लागलं नाही. तृप्ती बोलत नाही माझ्याशी."

"बोलूही नये इतक्यात."

"मी उतारा घ्यायला चाललोय. सोमवारी कांबळे सर घेताहेत, मी आजच जातो. भडका मोठा असेल, सगुणा."

पलीकडे बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "काचेपलीकडं का होईना, मी येऊन बसते. मलाही तपासायचंय ना? डबा आणू की तिथलं चालेल?"

"आण," तांबट म्हणाले.

डॉ. मुजावरांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला. सगळे ऐकून घेतल्यावर तिने पुन्हा एकदा धोके सांगितले: ताप चढेल, सांधे सुजतील, सात वर्षांचे दुखणे एका आठवड्यात भेटायला येईल, आणि हृदयाने साथ दिली नाही तर तिथेच संपेल. 

"विचार करायला दोन दिवस घ्या, काका."

"गेले दोन दिवस विचारच करत होतो मी," तांबट म्हणाले. "त्यात चिमटा उकळून ठेवला. मला आजच ताप आणा."

"कुठं आहात तुम्ही?"

"वसाहतीच्या टोकाला. मैदान आहे, तिथं. आसपास कुणी नाही."

"तिथंच थांबा. कुणाला जवळ येऊ देऊ नका. बंदिस्त गाडी पाठवते."

ते मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. कडेने दोन माणसे चालली होती. त्यांना त्यांनी हाताने लांबून जायची खूण केली आणि ती माणसे बुचकळ्यात पडून लांबून गेली. मग कुठूनसे एक पिवळे कुत्रे आले. अंगाने वाळलेले, पण स्वभावाने गरीब. ते शेपूट हलवत त्यांच्याकडे येऊ लागले.

"हाड्!" तांबट ओरडले.

कुत्रे थांबले, मान तिरकी करून पाहिले आणि पुन्हा दोन पावले पुढे आले. कुत्र्यांना हे होते की नाही, हे मुजावरबाईंनी सांगितले नव्हते, आणि त्यांनी विचारलेही नव्हते. आयुष्यात त्यांनी कधी कुत्र्याला दगड मारला नव्हता. ते वाकले, हाताला लागला तो दगड उचलला, आणि कुत्रे जमिनीवर पोट टेकवून त्यांचे पाय हुंगायला सरपटत येऊ लागले तेव्हा त्यांनी तो नेम धरून, जोराने, त्याच्या बरगडीवर मारला.